बंद हॉटेलची पाहुणेमंडळी

हॉटेल सुरू करायचं तर आधी त्याचं दार उघडावं लागतं. ही काही कुणाला सांगायची गोष्ट नव्हे. पण पठारावरच्या त्या हॉटेलसमोर आम्ही तिघं सामानासकट उभे राहिलो, किल्ली कुलुपात गोल फिरली, आणि तरीही दार जागचं हललं नाही, तेव्हा ती मला पहिल्यांदा नीट समजली. तिघं म्हणजे मी, आमची ही आणि हिचा धाकटा भाऊ. मेहुण्याने ते हॉटेल पाहिलं, त्याला ते आवडलं आणि माझ्या निवृत्तीच्या पैशांतून आम्ही ते घेतलं. यापलीकडे या प्रकरणाला पूर्वपीठिका नाही.

दार ओलीने फुगलं होतं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, लाकूड जिवंत आहे याची ही खूण." मेहुण्याचा स्वभाव असा आहे. घराला आग लागली तर तो म्हणेल, थंडी तरी गेली. तो मागच्या खिडकीतून आत उतरला, आतून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला, मग पुष्कळ पाय धावल्याचा आवाज आला आणि दार आतल्या धक्क्याने एकदम उघडलं. आतून पहिली बाहेर पडली ती एक मेंढी. तिच्यामागून तिचं सगळं गणगोत. ती सगळी आमच्या सामानावरून शांतपणे चालत गेली आणि समोरच्या उतारावर चरायला लागली. सर्वांत शेवटी मेहुणा आला. त्याचा चष्मा आत राहिला होता.

उतारावरच्या एका दगडावर मेंढपाळ म्हातारबाबा बसले होते. मघापासून आमची चाललेली खटपट ते बघत होते, पण मागचं दार मोडकं असून ते ढकललं की उघडतं हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुम्ही पुढच्या दाराची माणसं वाटलात."

"बाबा, हे हॉटेल बंद होऊन किती वर्षं झाली?"

"बंद कुठे? आम्ही वापरतोच की."

"आता आम्ही ते सुरू करणार आहोत. तुमची मेंढरं दुसरीकडे हलवावी लागतील."

"हलवू," ते म्हणाले. "आधीच्या मालकांनीही असंच सांगितलं होतं."

"मग?"

"मग ते गेले."

"कुठे गेले?"

"खाली," म्हातारबाबांनी दरीकडे बोट दाखवलं. खाली म्हणजे खालच्या गावात, एवढाच त्याचा अर्थ होता हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. या सगळ्या काळात ही मला लागेल असा एक शब्दही बोलली नाही. ज्यांचं लग्न झालं आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

दुरुस्तीसाठी मिस्त्री बोलावला. पठारावर गाडी एक दिवसाआड येते. त्या गाडीने तो यायचा, आणि ती परत फिरायच्या आत काम आटपायचं म्हणून आल्या आल्या निघायच्या तयारीला लागायचा. सुतारकाम, नळ, विजेच्या तारा, पत्रे, सगळं तोच करायचा. मधल्या वेळेत तो फक्त वस्तूंकडे पाहून जिभेचा टकटक आवाज करायचा आणि विचारायचा, "हे कुणी केलंय?" पाइप बघून विचारलं, जिना बघून विचारलं, पत्रे बघून विचारलं. असलं काम करणाऱ्याला हातात हातोडीच द्यायला नको, असं त्याचं मत पडलं. दारात उभे असलेले म्हातारबाबा म्हणाले, "तूच केलंयस. लग्न व्हायच्या आधी."

मिस्त्रीने पाइपकडे पुन्हा एकदा पाहिलं. या वेळी जरा मायेने. "तेव्हा सामान चांगलं मिळायचं नाही," तो म्हणाला.

आता सामान चांगलं मिळतं, असं म्हणत त्याने सगळे पाइप नव्याने टाकले. तेव्हापासून स्वयंपाकघरातला नळ सोडला की वरच्या मजल्यावरच्या भिंतीत कुणीतरी हुंदके देऊन रडतंय असा आवाज यायला लागला. मी हिला म्हणालो, हवा अडकली असेल, निघेल हळूहळू. ही भांडी घासत म्हणाली, "राहू दे. घरात कुणीतरी मोकळेपणाने रडतंय तेवढंच बरं."

रंगाची बाजू मी स्वतःकडे घेतली होती. माझी सगळी नोकरी रंगाच्या कंपनीत गेली. भिंत पाहून मी सांगू शकतो की तिला कोणती छटा खुलेल, किती हात लागतील आणि पोपडे कधी सुटतील. विक्रेत्यांच्या मेळाव्यात मी यावर भाषणं दिली आहेत. लोकांनी ती ऐकलीही आहेत, कारण जेवण भाषणानंतर असायचं. जेवणाच्या दालनासाठी मी सायीसारखा पांढरट पिवळा रंग निवडला आणि मेहुण्याच्या मदतीने तो भिंतींना लावला. तो वाळला नाही. दुसऱ्या दिवशी वाळला नाही, आठवड्यानंतरही वाळला नाही. पठारावर धुकं दाराबाहेर थांबत नाही, ते घरात येऊन बसतं. शेकोट्या केल्या, पंखे लावले, भिंतींसमोर उभं राहून वाट पाहिली. म्हातारबाबा रोज एक बोट भिंतीला लावून बघायचे, मग ते बोट दगडाला पुसायचे आणि काही न बोलता जायचे. कुणी काही बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती.

अशातच एका धुकट दुपारी मेंढरं सवयीने मागच्या दारातून आत आली आणि भिंतींना अंग घासून गेली. आमच्या भिंतींवर लोकर आणि त्यांच्या लोकरीवर आमचा रंग. म्हातारबाबांनी त्यातली एक मेंढी माझ्यासमोर आणून उभी केली. "आता हिला बाजारात कोण घेणार? लोक म्हणतील, आजारी आहे." मेहुणा म्हणाला, रंग अगदी खुलून दिसतोय. मग मी आणि मेहुणा दिवसभर रॉकेल आणि चिंध्या घेऊन मेंढ्या पुसत बसलो. एवढी वर्षं ज्या रंगाच्या टिकाऊपणाची मी हमी देत आलो तो लोकरीवर मात्र उत्तम वाळला होता आणि निघता निघत नव्हता.

यानंतर परवान्याचं काम. खालच्या गावातल्या कचेरीत मी आणि मेहुणा स्वच्छ शर्ट घालून गेलो. खिडकीतल्या बाईंनी आमचं ऐकून घेतलं, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला सुरू करण्याचा परवाना मिळणार नाही."

"का?"

"ते हॉटेल सुरूच आहे."

"अहो, ते कित्येक वर्षं बंद आहे. आत मेंढरं होती."

"मेंढरं कुणी ठेवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. बंद केल्याची नोंद नाही. जे बंद झालं नाही ते सुरू कसं करणार?"

मी म्हणालो, ठीक आहे, मग ते सुरू आहे असंच समजा, आम्ही चालवतो. त्या म्हणाल्या, ते आधीच्या मालकांच्या नावाने सुरू आहे, तुमच्या नावाने नाही. आधी ते रीतसर बंद करायचं. बंद करण्यासाठी तपासणी होणार. तपासणीत खोल्या, बिछाने, गरम पाणी, आगीची घंटा, सगळं चालू स्थितीत दिसलं पाहिजे.

"बंद करायच्या हॉटेलात गरम पाणी कशाला?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बंद करायला काहीतरी चालू नको का?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मेहुणा म्हणाला, "भावोजी, एका अर्थी बरंच झालं. तपासणी म्हणजे आपली रंगीत तालीम." त्या वेळी रंगीत हा शब्द मला सहन झाला नाही.

तरीही आम्ही तयारीला लागलो. माझ्या आयुष्यात मी कुठलीही गोष्ट सुरू करण्यासाठी जेवढी मेहनत घेतली नसेल तेवढी ते हॉटेल बंद करण्यासाठी घेतली. बिछान्यांना नवी कापडं घातली. धुराड्यातून पाखरांची घरटी काढली, आणि घरटी काढल्यावर त्यांच्यावर टेकलेल्या विटाही खाली आल्या. किल्ल्यांवरचे आकडे पुसले गेले होते, म्हणून प्रत्येक किल्ली प्रत्येक दाराला लावून पाहिली. एक किल्ली कुठल्याच दाराला लागली नाही आणि एक दार कुठल्याच किल्लीने उघडलं नाही. पण ती दोघं एकमेकांचीही नव्हती.

तपासणीचे साहेब गाडीने आले. बारीक, वाकलेले, गळ्याला मफलर आणि पोटावर कायम एक हात. दालनात आले, दमले होते, भिंतीला टेकून उभे राहिले. मी "अहो" म्हणेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. त्यांना भिंतीपासून सोडवलं तेव्हा पाठीवर रुंद पिवळा पट्टा होता आणि भिंतीवर कोटाच्या शिवणीसकट त्यांची आकृती. ते फक्त एवढंच म्हणाले, "हा कोट हिच्या भावाच्या लग्नातला आहे." कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. घरोघरी एक ही असतेच.

त्यांची तपासणी संपली आणि बाहेर धुकं असं उतरलं की अंगणातला खांब दिसेना. परतीची गाडी वर आलीच नाही. ती त्या दिवशी आली नाही आणि पुढेही बरेच दिवस आली नाही, कारण घाटात दरड खाली आली होती. साहेब अडकले. त्यांना वरच्या मजल्यावरची सगळ्यात कोरडी खोली दिली. पहिल्या दिवशी ते माझ्याशी फक्त नियमांच्या भाषेत बोलले. दुसऱ्या दिवशी हिने त्यांच्या पोटाची चौकशी केली आणि मऊ भात करून दिला. त्यानंतर ते स्वयंपाकघरात चुलीजवळ पाटावरच बसू लागले. त्यांच्या घरी कुणी त्यांना पोटाबद्दल विचारत नाही, कारण ते सारखं पोटाबद्दलच बोलतात, असं त्यांनी हिला सांगितलं. मेहुण्याबरोबर ते पत्ते खेळले. म्हातारबाबांबरोबर दगडावर बसले. वरच्या भिंतीतल्या हुंदक्यांबद्दल विचारल्यावर मी पाइपांचा इतिहास सांगितला, तर म्हणाले, "असू द्या. तेवढीच सोबत होते."

माझ्या मनात आशा उत्पन्न झाली. इतका घरोबा झाल्यावर माणूस काहीतरी वाट काढील, असं मला वाटलं. दरड हटली त्या सकाळी साहेबांनी कोट घातला, पट्ट्यासकट, आणि दालनात मधोमध उभे राहिले. "मी पुष्कळ हॉटेलं बंद केली," ते म्हणाले. "पण इतकं चांगलं हॉटेल आजवर बंद केलेलं नाही." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. मग त्यांनी पुढच्या दारावर शिक्क्याचा कागद चिकटवला. या वास्तूत कोणताही व्यवसाय चालवण्यास मनाई आहे. आणि जाता जाता म्हणाले, बंद झाल्यापासून वर्षभर त्याच जागेत नवीन परवाना देता येत नाही. हा नियम त्यांना आधीपासून माहीत होता. पण कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच गाडीने मेहुणाही गेला. खालच्या गावात कुणाचं तरी रिकामं तळं आहे, त्यात मासे पाळता येतील, असं साहेबांनी पत्ते खेळताना सहज सांगितलं होतं. "भावोजी, वर्षभर तुम्ही इथला पाया मजबूत करा," असं म्हणून त्याने गाडीतून हात हलवला. त्याच्या बाहीवर रंग होता.

मी आत येऊन दालनात एका खुर्चीवर बसलो. शहरातलं आमचं घर भाड्याने दिलं होतं, भाडेकरू चांगले होते, म्हणजे हलणारे नव्हते. जायला जागा नव्हती आणि राहायला एवढ्या खोल्या होत्या. ही समोर येऊन बसली. मी म्हणालो, "बोल एकदाचं. काय बोलायचं ते बोल."

"माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "तो कसा आहे ते मला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक आहे. तुम्ही एकदा मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"नको म्हणाली असतीस."

"कदाचित हो म्हणाले असते. विचारलं कुणी?"

ग्राहकाच्या कुठल्याही शंकेला तोंड देणारा माणूस मी, पण ही शंका नव्हतीच. आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत तसेच बसून राहिलो.

त्या संध्याकाळी बाहेर माणसांचे आवाज आले. मी दार उघडलं. साहेबांना आणि मेहुण्याला सोडून परत वर येणारी गाडी पलीकडच्या गावांना निघाली होती, ती आमच्यापासून थोड्या अंतरावर बंद पडली होती. धुक्यातून माणसं येत होती. बायका, मुलं, एक म्हातारा, दोन पिशव्या भरून कोंबड्या घेतलेल्या एक बाई आणि सगळ्यात मागे खाली मान घातलेला ड्रायव्हर. पुढचा माणूस म्हणाला, "हॉटेल आहे ना हे? राहायला मिळेल?"

एवढे दिवस मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. आरशासमोर त्याचं उत्तरही पाठ केलं होतं. मी दारावरच्या कागदाकडे पाहिलं, मग हिच्याकडे वळलो. "काय करू या?" मी विचारलं.

ही पदर खोचून उठली. कागद तिनेही वाचला, अगदी खालच्या शिक्क्यापर्यंत. "हॉटेल बंद आहे," ती बाहेरच्यांना म्हणाली. "आमचं घर आहे हे. आत या. भिंतीला मात्र कुणी टेकू नका."

त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या खोल्या भरल्या. जे दार कुठल्याच किल्लीने उघडत नव्हतं ते ड्रायव्हरने खांद्याने उघडलं. आत एक छान मोठा पलंग निघाला. कुणी पाणी तापवलं, कुणी भाज्या चिरल्या. सकाळी त्यांनी अंथरुणं घड्या घालून ठेवली आणि पैसे विचारले. मी तोंड उघडलं. ही म्हणाली, "पाहुण्यांकडून कसले पैसे?" कायद्याने तेच खरं होतं. मी तोंड मिटलं. कोंबडीवाल्या बाईंनी एक कोंबडी ठेवून घ्यायला लावली. ती वर्षभर आमच्याकडे होती आणि तिने माझ्याशी कधीही जमवून घेतलं नाही.

मग बातमी पसरली. पठारावर एक घर आहे, तिथे एक वहिनी आहेत, कुणालाही ठेवून घेतात. घाटात अडकलेले आले, न अडकलेलेही आले. पलीकडच्या गावातल्या लोकांनी खाली दवाखान्यात जाताना एक मुक्काम आमच्याकडे करायचा असं ठरवूनच टाकलं. येताना ते पीठ आणायचे, तेल आणायचे, लाकूड आणायचे. मिस्त्रीसुद्धा बायकोला घेऊन हवापालटाला आला आणि पाइपांचा आवाज ऐकून म्हणाला, "हे कुणी केलंय?" शहरातल्या घराच्या भाड्यावर आमचं कसंबसं चालत होतं. मी सकाळी चादरी धुवायचो, ज्या वाळायच्या नाहीत, आणि संध्याकाळी ओल्याच चादरींसाठी पाहुण्यांची माफी मागायचो. इतकं भरलेलं हॉटेल मी शहरातही पाहिलं नव्हतं. हे हॉटेल असतं तर आम्ही श्रीमंत झालो असतो.

वर्ष सरलं आणि परवाना मिळाला. मी स्वतः जाऊन तो आणला, काचेत बसवला आणि जुन्या शिक्क्याच्या कागदाच्या जागी लावला. शेजारी दरांची पाटी लावली. दर अगदी माफक ठेवले होते. सुवाच्य अक्षर माझं. हिला विचारून लावली, हे मुद्दाम सांगतो. ही म्हणाली, "लावा. रीतसर आहे ते." पण तिचा आवाज जरा खाली होता.

त्या संध्याकाळी पहिले आले ते पलीकडच्या गावातले एक वयस्कर गृहस्थ. बायकोच्या डोळ्यांसाठी दवाखान्यात जायचे, आमच्याकडे पुष्कळदा राहिलेले. बायको आता बरी होती, या वेळी ते एकटेच आले होते, नुसतेच भेटायला. ते पाटीसमोर थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, सगळं वाचलं. मी काउंटरमागे ताठ उभा होतो. काउंटरही नवीन होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आतल्या दारात ही उभी होती, तिला हळूच म्हणाले, "वहिनी, आमचं काही चुकलं का?"

गृहस्थांनी खिशात हात घातला होता आणि तो तिथेच राहिला होता, आत जाईना, बाहेर येईना. मला वाटलं होतं, या क्षणी माझी मान ताठ होईल. माझ्या हातातलं पेन मात्र काउंटरवर ठेवलं गेलं.

"तुमचं नाही हो," ही म्हणाली. "यांचं चुकलं. आत या, चहा टाकते."

ते आत गेले. त्यांची बॅग दारातच राहिली होती. मी काउंटरला वळसा घालून बाहेर आलो, बॅग उचलली आणि जिना चढायला लागलो. चांगली जड होती. मुक्काम बऱ्याच दिवसांचा असावा.